मानाची पहिली खोली

त्याला कार्यालयात सगळे भिंगरी म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत, आणि तोही ओ देई. पायाला भिंगरी असलेलं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. पाहुणे आले की ते पाणी आणायला उठतं आणि पाणी घेऊन परतेपर्यंत पाहुणे निघालेले असतात. आमच्या भिंगरीचं वैशिष्ट्य एवढंच, की त्याला या फिरण्याचा पगार मिळत असे. कार्यालयातली सगळी यंत्रं, त्यांच्या तारा आणि त्यांची आपापसांतली भांडणं हे त्याचं खातं होतं.

आमचं कार्यालय पुस्तकं तयार करतं. किडे, पानं, शिंपले, दगड यांची, चित्रांसकट. ती शाळकरी मुलं घेतात आणि निवृत्त माणसं घेतात. मधल्या वयात माणसाला किड्याकडे बघायला वेळ नसतो, आणि तो नसतो याचा त्याला अभिमान असतो.

खोल्या तीन. लेखनखोलीत आम्ही मजकूर लिहिणारे आणि तपासणारे बसतो. तिथे विंडोजची यंत्रं. पूर्वेच्या मोठ्या खिडकीची चित्रखोली, तिथे मॅक. आणि मागची खोली, जिथे मजकूर व चित्रं एकत्र होऊन छापण्याजोगी पानं बनतात, तिथे लिनक्स. या तिन्ही खोल्यांच्या फाइली जिन्याखालच्या कोनाड्यातल्या एका सर्व्हरमध्ये असतात. पूर्वी त्या कोनाड्यात झाडू आणि बादल्या असत. सर्व्हरला आम्ही सगळे कोठी म्हणतो.

कोठीच्या दाराशी जाऊन फाइल मागायची तर काही रीत पाळावी लागते. या रीतीलाच प्रोटोकॉल म्हणतात, म्हणजे शब्द मोठा आहे, प्रकरण घरगुती आहे. आमच्याकडे दोन रीती. एसएमबी ही कचेरीच्या वळणाची: आधी आपण कोण ते सांगायचं, मग काय हवं ते, मग ती फाइल दुसऱ्या कोणी उघडून बसलेलं नाही ना याची चौकशी, मग फाइल. लेखनखोली या रीतीने चाले. दुसरी एनएफएस, ही घरच्या माणसाची: शिरायचं आणि उचलायचं. फक्त घरचं कोण हे ती चेहऱ्यावरून नव्हे, नंबरावरून ठरवते. ती मागच्या खोलीची. मॅकची स्वतःची एक जुनी रीत होती, पण ती करणाऱ्यांनीच ती सोडून दिली, तेव्हा चित्रखोलीलाही एसएमबी शिकावी लागली.

“सासरी गेलं की भाषा बदलावी लागते, तसंच हे,” ताई तेव्हा म्हणाली होती. ताईचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे ती सासर या विषयावर मोकळेपणाने बोलू शकत असे.

ताई म्हणजे चित्रखोलीची प्रमुख आणि भिंगरीची सख्खी थोरली बहीण. चित्रखोलीत तिच्या हाताखाली आणखी दोघी होत्या, पण भुंगा काढायचा तो ताईनेच. भुंग्याच्या एका पायावर ती सकाळ घालवू शकत असे. हा सगळा बसण्याचा गुण आईवडिलांनी पहिल्याच अपत्यावर खर्च करून टाकला आणि दुसऱ्याच्या वाट्याला काही उरलं नाही, असं आमचं मत होतं. भिंगरीला तिनेच कडेवर वागवलं, तिनेच वाचायला शिकवलं आणि तिनेच इथे चिकटवलं. घरी नवी वस्तू आली तर आधी ताईला दाखवायची, पहिला घास ताईला, पहिली बातमी ताईला. असं ठरवलेलं कोणी नव्हतं. ते तसं होतंच.

झालं असं, की कोठी मंद झाली. फाइल उघडायला सांगावं आणि तोवर खिडकीतून रस्ता बघावा, असं चालू झालं. लेखनखोली म्हणाली, चित्रवाले डोंगराएवढ्या फाइली टाकतात. चित्रखोली म्हणाली, मागचे लोक एकदम शेकडो पानं ओढतात. मागच्या खोलीचा प्रमुख काहीच म्हणाला नाही. त्याचं नाव मौनी. दिवसातून दोनतीन वाक्यं बोलला तर त्याच्या घरी फोन करून कळवावं असं आम्हाला वाटे.

शेवटी कार्यालयाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, भिंगरीला केबिनमध्ये बोलावलं. केबिनचं दार कधीच नीट लागत नाही. त्यामुळे आमच्या माहितीतही खंड पडत नाही.

“कोणत्या खोलीमुळे अडतंय ते मला हवंय,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, माझ्या मते...”

“मत नको. मतं माझ्याकडे टोपलीभर आहेत. आकडा द्या.”

आकडा द्या म्हटल्यावर भिंगरीला पंखच फुटले. त्याने ‘भुंगे’ नावाचं एक नमुन्याचं फोल्डर केलं. त्यात ताईची काही अवाढव्य चित्रं होती, आणि बारक्या फाइलींचा ढीग होता. रोज सकाळी प्रत्येक खोलीत जायचं, एक यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, कोठीतून ‘भुंगे’ ओढायचं आणि किती वेळ लागला ते बघायचं. यंत्र बंद का करायचं, हे तो प्रत्येकाला थांबवून समजावत असे. एकदा बघितलेली फाइल यंत्राच्या आठवणीत राहते. दुसऱ्यांदा मागितली की ते कोठीकडे जातच नाही, स्वतःच्याच खिशातून काढून देतं. म्हणून त्याला आधी विसरायला लावायचं.

“पक्की मोजणी म्हणजे काय, तर कोणालाही काही आठवता कामा नये,” तो म्हणे.

“मग आमच्या संपादकांपासून सुरू करा,” मी सुचवलं. संपादकांनी मान वर केली, पण कशाबद्दल ते विसरले.

सुरुवात अर्थातच चित्रखोलीपासून होई. ताईला पूर्वेचा उजेड लागतो, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येते. शिवाय तिच्याकडे चहाचा थर्मास असतो. पण खरं कारण ती ताई होती. पहिला मान तिचा. तिथून भिंगरी आमच्याकडे येई आणि शेवटी मागे जाई. हा क्रम त्याने एकदाही मोडला नाही. जो माणूस जेवताना एका जागी बसू शकत नाही, तो या एका गोष्टीत घड्याळाला लाजवील असा नेमाचा होता, आणि ते आमच्यापैकी कोणाला विचित्र वाटलं नाही.

आकडे आले ते स्पष्ट होते. लेखनखोली ठीक. मागची खोली झकास. चित्रखोली बैलगाडी.

मधे त्याने चित्रखोलीत एनएफएस लावून बघितली. आधी एसएमबीने ओढलं, मग लगेच एनएफएसने. एनएफएस सुसाट. तीच दोन रीतींची तुलना त्याने मागच्या खोलीतही केली, तर तिथे दोन्ही सारख्याच सुसाट. इथे त्याने शंका घ्यायला हवी होती. पण आकडे सुंदर होते, आणि सुंदर आकड्यांवर शंका घेणारा माणूस अजून मोजणीच्या धंद्यात आलेला नाही. त्याने चित्रखोलीला एनएफएस देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी ताईला तिचाच भुंगा जतन करता येईना. मॅकवरचा तिचा नंबर वेगळा, कोठीतल्या वहीतला वेगळा. कोठीच्या मते ही बाई ताई नव्हतीच.

“पंचवीस वर्षं इथे आहे मी,” ताई पडद्याला म्हणाली.

“ती नंबर बघते गं, वर्षं नाही बघत,” भिंगरी टेबलाखालून म्हणाला.

“मग तिला सांग, माझा भाऊ आहे आत.”

एनएफएस काढली, एसएमबी परत आली, आणि अहवाल गेला.

“चित्रखोली सगळ्यात मंद,” मॅडमनी वाचलं. “एका रीतीने मंद, दुसऱ्या रीतीने माणसंच ओळखत नाही. तुमची बहीण ना तिथे?”

“हो.”

“तरी लिहिलंत.”

“आकड्याला नातं नसतं, मॅडम.”

हे वाक्य त्याला अचानक सुचलं होतं आणि संध्याकाळी कार्यालय सुटेपर्यंत तो त्यावर खूश होता. मग कळलं, की मॅडमनी अहवालावरून निर्णय घेतलाय. मोठी पुस्तकमाला तोंडावर आहे. अडथळा ठेवून चालणार नाही. चित्रं पुढच्या हंगामापासून बाहेरून काढून घ्यायची, चित्रखोली बंद करायची आणि तिथे छापून आलेल्या पुस्तकांसाठी भिंतभर फळ्या ठोकायच्या. दोघी धाकट्या चित्रकार कुठेतरी लागतील. ताईचं काय, हे मॅडमनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

भिंगरी राहतो ती इमारत दोन मजली आहे. खाली तो, त्याची बायको आणि मुलगी, वर ताई. जेवण एकत्र, खाली. हे सगळं मला त्याच्याकडूनच कळलं, कारण दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाभोवती फिरत फिरत सांगत होता आणि मला मान त्या त्या दिशेला वळवावी लागत होती.

त्या संध्याकाळी तो ताटावरून पाण्यासाठी उठला, मग खिडकी लावायला, मग उघडायला.

“अहो, ताटावर तरी बसा,” बायको म्हणाली. “अन्नाला वाटेल आपलंच काही चुकलं.”

ताई जेवत होती. खोलीबद्दल ती अक्षरही बोलली नव्हती. मुलीने तिला विचारलं, “आत्या, तुझी खोली बाबांनी बंद केली?”

“मीठ दे,” ताई म्हणाली. मग भिंगरीकडे न बघता: “खोटं लिहिलंस का तू?”

“नाही.”

“मग झालं. जेव.”

त्याने मला सांगितलं, की तिने थोबाडीत दिली असती तर तो निवांत झोपला असता.

फळ्यांसाठी सुतार आला तोही सकाळीच. ताई टेबलाशी बसून भुंग्याचा मागचा पाय काढत होती आणि सुतार तिच्या डोक्यावरून टेप नेत होता.

“बाई, जरा मान खाली.”

तिने मान खाली घातली. सुताराने भिंतीवर खडूने खुणा केल्या. तेवढ्यात नेहमीप्रमाणे भिंगरी मोजायला आला. एकाच खोलीत दोन मोजणारे आणि मधे ज्याची मोजणी चालली आहे ते माणूस, असा तो देखावा होता. अहवाल गेल्यावरही भिंगरीची फेरी थांबली नव्हती. मोजणी संपली होती, पाय संपले नव्हते.

“अजून काय मोजतोस?” ताईने विचारलं.

“असंच.”

“चहा घे.”

तो चहा त्याने उभ्याउभ्या घेतला आणि जीभ पोळून घेतली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी चित्रखोलीला कुलूप होतं; दोघी धाकट्या उशिरा येतात. ताई एका शाळेत गेली होती, चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा आहे का ते विचारायला. हे तिने फक्त भावजयीला, म्हणजे भिंगरीच्या बायकोला, सांगितलं होतं. भिंगरी कुलपासमोर थोडा वेळ उभा राहिला, मग आमच्याकडे आला. आमच्याकडे संपादकांची मासिक बैठक चालू होती, म्हणून तसाच मागच्या खोलीत गेला. त्या दिवशी मान मौनीला मिळाला.

यंत्र बंद केलं, सुरू केलं, ‘भुंगे’ मागितलं. आणि एनएफएस, ती सुसाट एनएफएस, जी घरच्या माणसासारखी शिरते आणि उचलते, ती उंबऱ्यातच बसून राहिली. ताईच्या खोलीत जेवढा वेळ लागे तेवढाच लागला.

मौनीने पडद्याकडे बघितलं, मग भिंगरीकडे. “आज आम्ही चित्रखोली,” तो म्हणाला.

तार खराब असेल म्हणून भिंगरीने तार बदलली, यंत्राला विसरायला लावलं, पुन्हा ओढलं. सुसाट. म्हणजे तारच. त्याला हायसं वाटलं. मग खात्री करावी म्हणून त्याने तीच खराब तार परत लावली. तरीही सुसाट. तो आमच्याकडे धावत आला, संपादकांना उठवून त्यांच्या यंत्रावर ओढलं. सुसाट. पुन्हा मागे गेला. पुन्हा आला. मग तो दिसेना.

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. बसला होता, ही बातमी एवढी मोठी होती की आम्ही तिघेचौघे बघायला गेलो.

“बरं नाही का?” मी विचारलं.

“सगळ्यांना विसरायला लावलं,” तो म्हणाला. “तुमच्या यंत्रांना, ताईच्या, मौनीच्या. हिला नाही लावलं.” आणि त्याने कोनाड्याच्या दारावर हात ठेवला.

ते त्याने आम्हाला समजावलं, पहिल्यांदाच न फिरता. कोठीलाही आठवण असते. सकाळी पहिल्यांदा कोणी एखादी फाइल मागितली, की कोठी ती तळाच्या डिस्कवरून शोधून, उपसून वर आणते. त्याला वेळ लागतो. पण एकदा आणली की ती तिच्या हाताशी राहते. नंतर जो मागेल त्याला लगेच मिळते. आणि रोज रात्री सगळ्या फाइलींची राखीव प्रत काढली जाते, तेव्हा कोठीच्या हाताखालून जगातलं सगळं काही जातं आणि कालचं पुसलं जातं. म्हणजे रोज सकाळी कोठी कोरी असायची, आणि त्या कोऱ्या कोठीकडे ‘भुंगे’ सगळ्यांत आधी कोण मागत होतं? ज्याला मान होता ते. ताई उपसायची, आणि आम्ही उपसलेलं उचलायचो. एसएमबी मंद ठरली कारण ती आधी मोजली. एनएफएस सुसाट ठरली कारण ती नंतर मोजली. लोक आदर म्हणून वारा घालतात. याने आदर म्हणून ओझं घातलं होतं.

“आता?” मी विचारलं.

तो आधीच उठला होता.

मॅडमनी ऐकून घेतलं. दार नेहमीसारखं किलकिलं होतं.

“म्हणजे तुमचा अहवाल चुकीचा.”

“हो.”

“आणि हे तुम्हाला आज कळलं. सुतार येऊन गेल्यावर.”

“हो.”

“भावाने बहिणीविरुद्ध लिहिलं, म्हणून मी विश्वास ठेवला,” मॅडम म्हणाल्या. “आता भाऊ बहिणीच्या बाजूने बोलतोय. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

भिंगरीने खरंच विचार केला. तो वाईट सवयीचा माणूस होता; प्रश्न विचारला की उत्तर शोधायचा. “मी विश्वास ठेवला नसता,” तो म्हणाला.

“मग?”

“तुम्ही मोजा. कुठून सुरू करायचं ते मला सांगूसुद्धा नका.”

मॅडमना यंत्रांचा कंटाळा आहे. पण कोणी आपल्याला बनवतंय की काय, हे शोधायचा त्यांना अजिबात कंटाळा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ताई येऊन उजेडात बसते न बसते तोच, मॅडम हातात फोनचं घड्याळ धरून थेट आमच्या खोलीत आल्या. आम्हाला त्यांनी लवकर यायला सांगितलं होतं आणि भिंगरीला जिन्याजवळ उभं राहायला. तो येरझारा घालत असल्याचा आवाज येत होता.

त्यांनी संपादकांचं यंत्र निवडलं. ‘भुंगे’ मागितलं. लेखनखोली, जी कायम ठीक होती, ती बैलगाडी झाली.

“आमचा यात काही दोष नाही,” संपादक म्हणाले. “आमच्याकडे फक्त शब्द असतात.”

मग मॅडम चित्रखोलीत गेल्या. तिथे ‘भुंगे’ जवळजवळ आमच्या नेहमीच्या वेगाने आलं. ताईने कामातून मान वर केली नाही. तिच्या डोक्यावर भिंतीला सुताराच्या खुणा होत्या.

मॅडमचं एका सकाळीने समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खोलीपासून सुरुवात केली, तर ती बैलगाडी. मौनी “हं” म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चित्रखोलीपासून, आणि चित्रखोली पुन्हा मंद. मॅडमच्या भुवया चढल्या. पण मग त्यांनी स्वतःच तिथलंच यंत्र बंद केलं, सुरू केलं आणि दुसऱ्यांदा ओढलं. आता सगळं भराभर आलं.

त्यांनी भिंगरीला आत बोलावलं. त्याच्यामागे आम्हीही दारात जमलो, हातात काहीतरी कागद धरून.

“म्हणजे जो पहिला मागतो त्याला भुर्दंड,” मॅडम म्हणाल्या.

“हो.”

“फक्त तुमच्या नमुन्यात, की रोजच्या कामातही?”

“रोजही तेच. चालू पुस्तकाची चित्रं सकाळी जो आधी उघडेल त्याला उशीर. मग बाकीच्यांना लगेच.”

“आणि सकाळी आधी कोण येतं?”

आम्ही सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताईने ब्रशचं टोक ओठात धरलं होतं. ही बाई इतकी वर्षं रोज सकाळी एकटी बसून आमच्या फाइली वर उपसून ठेवत होती, आणि आम्ही उन्हं चढल्यावर येऊन, चहा पिऊन, चित्रखोली किती मंद आहे यावर चर्चा करत होतो.

“म्हणजे चित्रखोलीचा काही दोष नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

इथे भिंगरीने हो म्हणायचं होतं. दुसऱ्या कोणीही म्हटलं असतं. मौनीनेही म्हटलं असतं.

“अगदीच नाही असं नाही,” भिंगरी म्हणाला.

ताईने ब्रश खाली ठेवला.

“मोठी फाइल सगळ्या खोल्यांत सारखीच येते,” तो म्हणाला. आता तो खिडकी ते दार फिरायला लागला होता. “पण बारक्या फाइलींचं फोल्डर उघडायचं तर मॅकला खरंच जास्त वेळ लागतो. तो प्रत्येक फाइलीची वेगळी चौकशी करतो, आणि प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी ठेवतो, तिचीही चौकशी करतो. हे आज कोण पहिलं आलं त्याच्यावर नाही. हे आहेच.”

“तुला कोणी विचारलं होतं?” ताई म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“आहे ते आहे.”

मला वाटलं, गेली. हातात आलेली खोली या माणसाने स्वतःच्या हाताने परत देऊन टाकली. मॅडम त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती मी तोवर फक्त मुद्रितातली चूक शोधणाऱ्यांच्या डोळ्यांत बघितली होती.

“आता माझा विश्वास बसला,” त्या म्हणाल्या. “यावर उपाय?”

“फोल्डर फोडायचं. ताईच्या ‘पाय’ नावाच्या फोल्डरात हजारो पाय आहेत, सगळे एकत्र.”

“पाय?”

“भुंग्यांचे,” ताई म्हणाली. “समोर पसरलेले असले की मला हवा तो दिसतो. हा म्हणतो कप्पे कर. कशाप्रमाणे करू? भुंग्याप्रमाणे करू, की पुढचे वेगळे, मागचे वेगळे?”

“कसेही करा, पण करा,” मॅडम म्हणाल्या. “खोली राहू दे.” आणि जाताजाता वळून: “सुताराने फळ्या कापून ठेवल्यात. त्या कुठे ठोकायच्या?”

मॅडमनी दारातल्या आमच्या घोळक्याकडे बघितलं. लेखनखोलीत, त्या म्हणाल्या, भिंत बरीच मोकळी दिसते.

म्हणून हे लिहिताना माझ्या उजव्या कोपराशी शिंपल्यांची पुस्तकं आहेत आणि पानं उलटायला मला डावा हात वापरावा लागतो. भिंगरीने पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे बघायचं टाळलं. शेवटी एकदा त्याने फळीच्या उंचीबद्दल सहानुभूती व्यक्त केली आणि लगेच उठून गेला.

ताईने पाय आधी भुंग्याप्रमाणे लावले, मग ते मोडून जोडीप्रमाणे लावले. घरी आठवडाभर तिने भावाशी मिठापुरतंच बोलणं ठेवलं.

“चुकलं ते सुधारलंस, बरं केलंस,” ती शेवटी म्हणाली. “पण एवढं सांगायची काय गरज होती? अर्धं सांगून थांबता आलं नसतं?”

“याला थांबता येत असतं तर,” बायको म्हणाली, “अर्धे प्रश्न उद्भवलेच नसते.”

कोणती रीत बरी, एसएमबी की एनएफएस, हा मूळ प्रश्न मॅडमनी सोडला नाही. नीट मोजून सांगा, म्हणाल्या, घाई नाही. म्हणून फेरी चालूच आहे. फक्त क्रम आता रोज वेगळा. भिंगरीच्या शर्टाच्या खिशात तीन चिठ्ठ्या असतात, तिन्ही खोल्यांच्या. जिन्याखाली कोठीसमोर उभा राहून तो डोळे मिटतो आणि एक काढतो. पहिल्याच दिवशी चित्रखोली निघाली. त्याला संशय आला, की आपल्या बोटांना घडी ओळखू येते. त्याने चिठ्ठ्या नव्याने केल्या, सारख्या घडीच्या, आणि पुन्हा काढली. चित्रखोलीच. तिसऱ्यांदा त्याने मला काढायला लावली. मी काढली, वाचली आणि त्याच्या हातात दिली.

तो वर गेला. ताई खिडकीशी होती. भिंतीवर सुताराच्या खुणा अजून होत्या. त्या पुसायला तिला वेळ झाला नव्हता किंवा मन झालं नव्हतं.

“आज कोण?” तिने विचारलं.

“तूच.”

“म्हणजे आज मी मंद.”

“हो.”

“बरं,” ताई म्हणाली आणि थर्मासचं झाकण फिरवलं. “मंद तर मंद. तोवर चहा होतो. बस.”

तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि यंत्र सुरू व्हायच्या आत पुन्हा उठला.